पाहिले, ऐकले, वाटले : नववीच्या पत्रकारिता वर्गाच्या प्रकल्प नोंदी

शनिवार, २९ जून २०२४

चिपळूणमधील आमच्या शाळेत इयत्ता नववीसाठी पत्रकारितेची तोंडओळख करून देणारा वर्ग आजपासून सुरू झाला. दर शनिवारी शेवटच्या दोन तासिका मिळाल्या आहेत, मुले सव्वीस आहेत, आणि ६ जानेवारीला, म्हणजे पत्रकार दिनी, चार पानांचा एक अंक काढून तो बाजारपेठेत वाटायचा, एवढे उद्दिष्ट मुख्याध्यापकांना लेखी दिले आहे. दहावीच्या वर्षात पालक अशा गोष्टींना तयार होत नाहीत आणि आठवीच्या मुलांना बाजारात पाठवणे मला जोखमीचे वाटते, म्हणून नववी. मराठीची शिक्षिका होण्याआधी मी सहा वर्षे एका दैनिकाची तालुका वार्ताहर होते. त्या काळात एक गोष्ट मला पक्की कळली की, बातमी लिहिताना क्वचितच चुकते. ती बहुतेक वेळा वहीत टिपतानाच चुकलेली असते. त्यामुळे या वर्गात लेखनाआधी टिपण शिकवायचे, असे ठरवले आहे.

सुरुवात व्याख्यानाने केली नाही. काल प्रार्थनेच्या वेळी पाण्याच्या टाकीमागे साप निघाला होता आणि शिपाईकाकांनी तो काठीवर उचलून गडग्यापलीकडे सोडला होता. त्याची बातमी लिहायला सांगितली. सव्वीस कागद आले. सापाची लांबी दोन फुटांपासून 'माझ्या उंचीएवढी' इथपर्यंत होती. अकरा जणांनी त्याला नाग म्हटले, चौघांनी फुरसे, बाकीच्यांनी नुसताच 'भयंकर विषारी'. नंतर मी विचारले की, साप प्रत्यक्ष कोणी पाहिला. नऊ मुले इमारतीच्या दुसऱ्या बाजूच्या रांगेत उभी होती आणि त्यांना साप दिसलाच नव्हता. त्या नऊ जणांपैकी एकानेही आपल्या कागदावर तसे लिहिले नव्हते. कोणी खोटे बोलले, असे मला मुळीच वाटत नाही. ऐकलेले आणि पाहिलेले त्यांच्या मनात एक झाले होते, इतकेच.

मग प्रत्येकाच्या वहीचे पान उभ्या दोन रेषा मारून तीन रकान्यांत विभागायला लावले आणि वर शब्द लिहायला सांगितले : पाहिले, ऐकले, वाटले. एक मुलगी मधल्या सुट्टीत कोणी न सांगता शिपाईकाकांकडे जाऊन आली. साप दिवड जातीचा, बिनविषारी होता, आणि काकांची काठी चार फुटांची असून साप तिच्यापेक्षा थोडा आखूड भरला होता, ही माहिती तिने 'ऐकले' या रकान्यात लिहिली आणि पुढे काकांचा हुद्दा लिहिला. वर्गातली पहिली बातमी तिची.

शनिवार, ६ जुलै

कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे हे सहा प्रश्न फळ्यावर लिहिले. मराठीत हे सहाही शब्द 'क'पासून सुरू होतात, त्यामुळे मुलांच्या ते चटकन ध्यानात राहतात. अडचण वेगळीच आहे, आणि तिला काही अंशी मीच कारणीभूत आहे. गेली तीन वर्षे याच मुलांना मी निबंध शिकवला आहे. निबंधात प्रस्तावना करायची, सुविचार पेरायचा आणि शेवटी संदेश द्यायचा, ही सवय इतकी खोल गेली आहे की, शाळेतल्या वृक्षारोपणाची बातमीही 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं' इथून सुरू झाली आणि किती रोपे लावली, हा आकडा आठव्या ओळीत आला. महत्त्वाचे आधी आणि तपशील नंतर, ही बातमीची उतरंड निबंधाच्या अगदी उलट असते. दोन्ही प्रकार आपापल्या जागी योग्य आहेत, हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगावे लागणार आहे.

शनिवार, १३ जुलै

पावसामुळे आज सतराच मुले आली. ठरवलेला पाठ बाजूला ठेवावा लागला, कारण एका मुलाच्या घरच्या व्हॉट्सअॅप गटावर सकाळी एक ध्वनिफीत आली होती : कोळकेवाडी धरणाचे पाणी सोडले आहे, बाजारपेठेतल्या लोकांनी ताबडतोब माल वर हलवावा. आवाज घाबरलेला होता, बोलणाऱ्याचे नाव नव्हते, तारीखही नव्हती.

आम्ही तिचा माग काढायचे ठरवले. वडिलांना ती एका मित्राने पाठवली होती, मित्राला मेहुण्याने, मेहुण्याला एका गटातून आली होती. तिसऱ्या पायरीच्या पुढे कोणालाच काही सांगता येईना. मग तालुक्याच्या पूर नियंत्रण कक्षाला सर्वांसमोर फोन लावला. असा कोणताही इशारा दिलेला नाही, असे तिथून सांगण्यात आले. उत्तर देणाऱ्याचे पद, वेळ आणि नेमके शब्द मुलांनी टिपून घेतले.

त्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, पण खरे असते तर? आपण विचारत बसलो असतो आणि पाणी आले असते." हा प्रश्न फार मोलाचा होता आणि या गावात तो विचारला जाणारच. २२ जुलै २०२१ च्या पहाटे चिपळुणात महापूर आला, तेव्हा ही मुले सहावीत होती आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी ती रात्र पोटमाळ्यावर किंवा शेजाऱ्याच्या गच्चीवर काढली आहे. मी त्यांना सांगितले की, घरातल्या माणसाने अशा वेळी आधी सामान आणि म्हातारी माणसे वर न्यावीत, खातरजमा नंतर करावी. त्याची चूक झाली तर दोन तासांची मेहनत वाया जाते, एवढेच. पण जो दुसऱ्यांना सांगायला निघाला आहे, त्याने खातरजमा केल्याशिवाय तोंड उघडू नये, कारण त्याची चूक झाली तर पुढच्या वेळी खरा इशारा कोणी ऐकणार नाही. माणूस एकच असला तरी दोन भूमिकांचे नियम वेगळे आहेत. हे त्यांना पटले की नाही, ते आज सांगता येत नाही.

शनिवार, २० जुलै

आजचा विषय क्रियापदांचा. उदाहरण आमच्याच तालुक्यातले घेतले. २ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे धरण फुटले आणि खालच्या वस्तीतली माणसे वाहून गेली. त्यानंतर तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांमुळे धरणाला भगदाड पडल्याचे कारण सांगितले होते. मुले हे ऐकून हसली. तेव्हा त्या खोऱ्यात आजोळ असलेला एक मुलगा उभा राहिला आणि त्याने शांतपणे सांगितले की, आमच्याकडे या वाक्यावर कोणी हसत नाही. वर्ग गप्प झाला. मीही थोडा वेळ काही बोलले नाही.

नंतर तीन वाक्ये फळ्यावर लिहिली. 'खेकड्यांनी धरण फोडले.' 'खेकड्यांमुळे धरण फुटले, असे मंत्र्यांनी स्पष्ट केले.' 'खेकड्यांमुळे धरण फुटले, असे मंत्र्यांचे म्हणणे आहे. धरणाला गळती असल्याची तक्रार आपण आधीच केली होती, असे ग्रामस्थ सांगतात.' पहिल्या वाक्यात वार्ताहराने मंत्र्यांचे म्हणणे स्वतःचे करून टाकले आहे, हे सर्वांना लगेच दिसले. दुसऱ्या वाक्यातली गोम दिसायला वेळ लागला. 'स्पष्ट केले' म्हटले की, जे अस्पष्ट होते ते आता खरे म्हणून उलगडले, असा अर्थ त्यात आपोआप येतो. 'माहिती दिली' या शब्दांचेही तसेच आहे, कारण माहिती म्हटली की ती खरीच असणार, असे वाचणारा धरून चालतो. 'म्हणाले' आणि 'सांगितले' हे साधे शब्द सर्वांत प्रामाणिक आहेत. 'दावा केला' आणि 'आरोप केला' हे जपून वापरायचे. 'असे समजते' हे शब्द मात्र आमच्या अंकात एकदाही येणार नाहीत, असा ठराव वर्गाने एकमताने केला, कारण कोणाकडून समजते, हे त्यात कधीच नसते.

शनिवार, २७ जुलै

सोमवारी महापुराला तीन वर्षे झाली आणि काल २६ जुलै होता, म्हणजे २००५ च्या पुराचाही दिवस. अंकाचा विषय निवडताना फार चर्चा करावी लागली नाही. मुलांना पुराचे कारण शोधायचे होते. मी त्यांना एवढेच सांगितले की, कारण शोधण्याआधी जे मोजता येते ते मोजू या : बाजारपेठेत कुठे किती पाणी चढले होते आणि त्याची खूण आज कुठे शिल्लक आहे. खुणा दरवर्षी रंगाखाली जात आहेत. पुढच्या नववीच्या मुलांना त्या दिसतीलच असे नाही.

शनिवार, १० ऑगस्ट

पाचपाच मुलांचे गट करून बाजारपेठेत पहिली फेरी झाली. प्रत्येक गटाबरोबर एक पालक होते. नऊ दुकानदारांनी बोलायला होकार दिला. "तुम्हांला पुरात कसे वाटले?" असा प्रश्न विचारायचा नाही, हे आधी बजावले होते, त्याऐवजी पाणी प्रथम कुठे दिसले, तेव्हा किती वाजले होते, हातात कोणती वस्तू होती, असे विचारायचे. या प्रश्नांना माणसे सविस्तर उत्तरे देतात आणि वाटले काय, ते त्यातून आपोआप येते. वर्तमानपत्रांच्या एका विक्रेत्याने सांगितले की, त्या आठवड्यात पेपर वाटलेच नाहीत. सगळीकडे चिपळूणच्या बातम्या छापून येत होत्या आणि चिपळुणात त्या वाचायला कोणाकडे कागद नव्हता, ही नोंद मुलांनी स्वतःहून चौकटीत घातली आहे.

शनिवार, १७ ऑगस्ट

आजचा दिवस सविस्तर लिहून ठेवण्यासारखा आहे.

भांड्यांच्या एका दुकानाचे मालक गेल्या शनिवारी म्हणाले होते की, पाणी आठ फूट होते. त्यांच्या समोरच्या टपरीवाल्या काकांनी त्याच दुकानाकडे बोट दाखवून साडेदहा फूट सांगितले होते. अडीच फुटांचा फरक. गटातल्या मुलांनी आपसांत ठरवून टाकले होते की, टपरीवाले काका वाढवून सांगतात, आणि कच्च्या बातमीत फक्त मालकांचा आकडा घेतला होता. का, असे विचारल्यावर उत्तर मिळाले की, दुकान मालकांचे आहे आणि ते शिकलेले आहेत. मी मोजपट्टी घेऊन सर्वांना पुन्हा तिथे नेले.

गल्ल्याच्या मागे, देवाच्या तसबिरीखाली, मालकांनी पेन्सिलने आडवी रेघ ओढून '२२/७/२१' असे लिहून ठेवले आहे. रंगाऱ्याला तेवढा चौकोन सोडायला सांगितला होता, म्हणून आजूबाजूची भिंत फिकट निळी आणि तो वीतभर चौकोन जुन्या पिवळ्या रंगाचा आहे. फरशीपासून त्या रेघेपर्यंत अंतर भरले ७ फूट १० इंच. म्हणजे मालकांचे आठ फूट बरोबर. मुले समाधानाने वही मिटायला लागली. तेवढ्यात सापाची बातमी लिहिणारी तीच मुलगी दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली आणि तिथूनच तिने विचारले, "काका तर इथे उभे होते ना? मग त्यांनी फरशीपासून कसे मोजले असेल?"

रस्त्यापासून दुकानात चढायला तीन पायऱ्या आहेत, प्रत्येकी सात इंचांच्या. म्हणजे फरशी रस्त्यापेक्षा १ फूट ९ इंच उंच. दोन्ही मिळून ९ फूट ७ इंच झाले, तरी साडेदहा होईनात. तेव्हा टपरीवाले काका स्वतः रस्ता ओलांडून आले आणि म्हणाले, "अहो, तेव्हा चार पायऱ्या होत्या. रस्ता काँक्रीटचा झाला, त्यात खालची पायरी गेली." मालकांनीही मान डोलावली. चौथी पायरी धरली तर रस्त्यापासूनची उंची १० फूट २ इंच होते. दोन्ही माणसे खरे बोलत होती; एकाने फरशीपासून सांगितले होते, दुसऱ्याने रस्त्यापासून, आणि मधल्या काळात रस्ताच वर आला होता.

वर्गात परतल्यावर मी यावर काही भाष्य केले नाही. गटातल्या मुलाने आपल्या वहीतले 'काका वाढवून सांगतात' हे वाक्य 'ऐकले'मधून खोडून 'वाटले'मध्ये नेऊन लिहिले आणि शेजारी तारीख घातली. आता प्रत्येक उंचीपुढे ती कुठून मोजली, हे लिहिल्याशिवाय आकडा छापायचा नाही, असा नियम झाला आहे.

शनिवार, २४ ऑगस्ट

जमलेल्या नऊ मुलाखतींची यादी फळ्यावर लिहिली आणि विचारले की, या यादीत कोण नाही. बराच वेळ कोणाला सुचेना. मग एका मुलाने सांगितले की, नऊच्या नऊ दुकानांचे मालक आहेत आणि सगळे पुरुष आहेत. दुकानातला कामगार नाही, हमाल नाही, रस्त्यावर बसून विकणारी बाई नाही, भाड्याच्या खोलीत राहणारे कुटुंब नाही. त्यांच्याकडे भिंतच नव्हती, मग खूण कुठून दिसणार, असे एकीने म्हटले. वाक्य चांगले आहे. पण ते छापण्याआधी त्या लोकांना भेटावे लागेल, असे तिला सांगितले.

या निमित्ताने 'मूकनायक' शिकवले. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते पाक्षिक सुरू केले, तेव्हा ते सिडनहॅम महाविद्यालयात सरकारी नोकरीत प्राध्यापक होते, त्यामुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते, आणि शिरोभागी तुकाराम महाराजांचा अभंग होता : 'काय करूं आतां धरूनियां भीड । निःशंक हें तोंड वाजविलें ।।' त्या काळीही वर्तमानपत्रे पुष्कळ होती. ती कोणाला प्रश्न विचारत नव्हती, हे या नावावरूनच कळते. पुढच्या फेरीची यादी मुलांनी नव्याने केली.

शनिवार, २१ सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीमुळे तीन आठवडे वर्ग झाला नाही. दुसऱ्या फेरीतली सर्वांत मोठी मुलाखत मासळी विकणाऱ्या एका मावशींची झाली. त्यांनी सांगितलेले एक वाक्य मुलांनी जसेच्या तसे टिपले आहे : "पानी आला तसा गेला, पन माजा काटा घेऊन गेला." काटा म्हणजे वजनकाटा. तो नसल्यामुळे पुढचे कित्येक दिवस त्यांना अंदाजाने वाटे घालून मासे विकावे लागले आणि गिऱ्हाइके घासाघीस करत राहिली.

हे वाक्य कसे छापायचे, यावर पाऊण तास वाद झाला. काही मुलांना ते प्रमाण मराठीत करायचे होते, कारण त्यांच्या मते अंकात अशुद्ध जाता कामा नये. अशुद्ध हा शब्द मी काढायला लावला. ती त्यांच्याच आज्यांची बोली आहे. काहींना ते वाक्य तसेच हवे होते, कारण ते 'मजेशीर' वाटते, आणि मला हे कारण पहिल्यापेक्षा जास्त खटकले. मग दुकानदारांच्या मुलाखती काढून पाहिल्या. मालक बोलले होते, "आठ फूट तरी असंलच हो, जास्तच." मुलांनी लिहिले होते, 'पाण्याची उंची सुमारे आठ फूट होती, असे त्यांनी सांगितले.' म्हणजे दुकानदारांची भाषा आम्ही गुपचूप इस्त्री करून दिली होती आणि मावशींची तेवढी तशीच ठेवायला निघालो होतो. असे केले असते तर वाचणाऱ्याला मावशींचे म्हणणे दिसण्याऐवजी फक्त त्यांची बोली दिसली असती. एक तर सर्वांचे बोलणे जसे आहे तसे छापावे, नाही तर सर्वांचे प्रमाण भाषेत, असे ठरले, आणि त्यांना त्यांचे शब्द वाचून दाखवल्यावर मावशी म्हणाल्या, "मी बोलले तसाच लिवा." त्यामुळे आता नऊ दुकानदारांच्या वह्याही पुन्हा उघडाव्या लागणार आहेत.

मावशींनी बचत गटाच्या कर्जाचा आकडा बोलण्याच्या ओघात सांगितला आणि शेवटी तो छापू नका, असेही सांगितले. आकडा वहीत आहे, अंकात येणार नाही. एका मुलाने विचारले की, त्यांनी आधी सांगितला आणि मग नको म्हटले, तर छापायला हरकत काय? अधिकारपदावरच्या माणसाने असे केले असते तर आपण वेगळा विचार केला असता. मावशींना वार्ताहराशी बोलण्याची सवय नाही आणि त्या आपल्या भरवशावर बोलल्या, हे माझे उत्तर.

शनिवार, ५ ऑक्टोबर

मथळा आणि पहिले वाक्य. विषय आयता मिळाला. परवा, गुरुवारी, केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला आणि कालच्या पेपरांत तीच मुख्य बातमी होती. मुलांच्या पहिल्या खर्ड्यांत मायमराठी, अमृत, ज्ञानोबा-तुकोबा आणि उर अभिमानाने भरून येणे, हे सगळे आले; निर्णय कोणी आणि केव्हा घेतला, हे सहा जणांनीच लिहिले. आनंद मलाही झाला आहे आणि मुलांचा आनंद मला मोडायचा नव्हता. म्हणून तीस शब्दांची मर्यादा घातली आणि काय काढून टाकायचे, ते त्यांच्यावर सोपवले. शेवटी उरलेले वाक्य असे : 'केंद्रीय मंत्रिमंडळाने गुरुवारी मराठी, पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली या पाच भाषांना अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मंजुरी दिली.' उरलेल्या चार भाषा मथळ्यात घ्याव्यात का, यावर मतदान घेतले. मथळ्यात मराठी, पहिल्या वाक्यात पाचही, यावर बहुतेकांचे एकमत झाले, आणि मलाही ते योग्य वाटले.

शनिवार, १९ ऑक्टोबर

कोल्हापूर प्रकरण शिकवले. दरवर्षी मुलांना 'केसरी' १८८१ साली निघाला, एवढे पाठ असते. त्या पत्राच्या पहिल्याच वर्षात काय घडले, ते त्यांना ठाऊक नसते. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होत आहे आणि त्यात कारभारी माधवराव बर्वे यांचा हात आहे, असे 'केसरी' आणि 'मराठा' या दोन्ही वृत्तपत्रांनी लिहिले. त्यांच्या हाती आलेल्या पत्रांवर त्यांनी विश्वास ठेवला होता. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, ती पत्रे बनावट निघाली आणि जुलै १८८२ मध्ये टिळक व आगरकरांना चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात त्यांचे १०१ दिवस गेले आणि त्या दिवसांची हकिकत आगरकरांनी पुढे पुस्तकरूपाने लिहिली.

"त्यांचा हेतू तर चांगला होता," असे तीन-चार मुलांनी एकदम म्हटले. होता, यात मला काही शंका नाही. म्हणूनच हे उदाहरण निवडले. हेतू वाईट असलेल्या माणसाला शिकवण्यासारखे फार नसते. चांगल्या हेतूच्या माणसाला मात्र एक मोठा धोका असतो : जे त्याला आधीपासून खरे वाटत असते, त्याला दुजोरा देणारा कागद हाती आला की, तो कागद कोणी लिहिला, कोणी आणला आणि त्यात आणणाऱ्याचा काय फायदा, हे विचारायचे राहून जाते.

मग मी त्यांना माझी चूक सांगितली. वार्ताहर असताना एका अपघातातल्या जखमींची नावे मी फोनवरून घेतली. एकाच आडनावाचे दोन चुलतभाऊ होते. जो अपघातात नव्हताच, त्याचे नाव छापून आले. सकाळी त्याच्या घरी नातेवाईक रडत जमले आणि तो स्वतः दारात उभा होता. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा खुलासा आला, पण तो आतल्या पानावर. मी त्या घरी जाऊन माफी मागितली. त्याच्या आईने मला चहा दिला आणि माझ्याकडे पाहिले नाही. ते मी अजून विसरलेले नाही. वर्गात यानंतर नियम असा : नाव माणसाकडूनच लिहून घ्यायचे, त्याच्याच अक्षरात.

शनिवार, ३० नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी आणि निवडणूक संपून वर्ग पुन्हा भरला. आज एका मुलाच्या कच्च्या लेखात वाक्य होते : 'लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा पूर, त्यामुळे आता २१२१ पर्यंत काळजी नाही.' नदीकाठच्या नकाशावर निळी रेषा २५ वर्षांतून एकदा आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हे त्याने बरोबर टिपले होते. अर्थ मात्र उलटा लावला होता. गणिताच्या सरांना बोलावले. दर वर्षी शंभरात एक, एवढी त्या पुराची शक्यता असते आणि तो येऊन गेला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही, हे त्यांनी पिशवीतून चिठ्ठ्या काढून आणि दर वेळी ती चिठ्ठी परत टाकून दाखवले. पंचवीस मिनिटे गेली, पण वाया गेली नाहीत. हा गैरसमज मोठ्या माणसांच्या बोलण्यातही मी पुष्कळदा ऐकला आहे.

कारणांचा प्रश्न अजून निघतोच. मुलाखतींत लोकांनी चार कारणे सांगितली : सह्याद्रीत एका रात्रीत पडलेला प्रचंड पाऊस, कोयनेच्या वीजनिर्मितीनंतर कोळकेवाडीतून वाशिष्ठीत येणारे पाणी, दाभोळच्या खाडीतली भरती, आणि वाशिष्ठी व शिव नदीतला गाळ. कोणते कारण किती, हे नववीच्या वर्गाला ठरवता येणार नाही. चारही कारणे, प्रत्येकी ती सांगणाऱ्याच्या नावाने द्यायची, आणि 'आम्ही पाण्याची उंची मोजली आहे, कारणे मोजलेली नाहीत' हे वाक्य पहिल्या पानावर चौकटीत घ्यायचे, असे ठरले.

शनिवार, २१ डिसेंबर

संपादन. चार पानांत मावणाऱ्या मजकुराच्या दुप्पट मजकूर हाती आहे. आपला लेख दुसऱ्याने कापलेला पाहणे मुलांना जड जाते, एकजण रडला. ज्याचा लेख, त्यालाच दुसऱ्याचा लेख कापायला दिल्यावर हात थोडे हलके झाले. अकरा खुणा पक्क्या झाल्या आहेत. दोन गाळल्या, कारण तिथे ऐकलेले दोघे होते आणि पाहिलेला एकही नव्हता.

सोमवार, ६ जानेवारी २०२५

अंक निघाला. १८३२ साली याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' मुंबईत निघाले, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी मजकूर घेऊन. जांभेकर आपल्याच कोकणातल्या पोंभुर्ल्याचे, हे परिपाठात एका मुलीने सांगितले. तीनशे प्रती झेरॉक्सवर काढल्या होत्या, त्या दुपारपर्यंत संपल्या. मावशींना त्यांची मुलाखत मुलांनी पुन्हा वाचून दाखवली. त्यांनी अंक घडी करून नव्या काट्याखाली ठेवला.

शनिवार, ११ जानेवारी

काल मधल्या सुट्टीत एक वयस्क हमाल शाळेत आले. अंक हातात होता. भांड्यांच्या दुकानाची उंची रस्त्यापासून १० फूट २ इंच छापली आहे, ती चूक आहे, असे त्यांनी सांगितले. काँक्रीटखाली गेलेली चौथी पायरी इतरांसारखी सात इंचांची नव्हती. ती जांभ्याची, चांगली रुंद आणि उंच होती, आणि दुपारी तिच्यावर बसून ते जेवत असत. पाय टेकत होते का, असे एका मुलाने विचारले. टेकत होते, पण गुडघे वर येत नव्हते, असे ते म्हणाले.

पायरी कोणीच मोजली नव्हती. तीन पायऱ्या सात इंचांच्या म्हणून चौथीही तेवढीच, असे आम्ही धरून चाललो, मीसुद्धा, आणि तो आकडा 'पाहिले'मध्ये लिहून छापला. आज वर्गात तो 'वाटले'मध्ये नेला. खुलासा पहिल्या पानाच्या आकाराच्या अक्षरात, शाळेच्या फाटकावर आणि त्या दुकानाच्या दारात लावला : 'दुकानाच्या फरशीपासून पाण्याची खूण ७ फूट १० इंचांवर आहे, हे मोजलेले आहे. रस्त्यापासूनची १० फूट २ इंच ही उंची आम्ही न मोजलेल्या पायरीच्या अंदाजावर दिली होती. ती चूक होती.' हमालकाकांचे नाव त्यांच्याच अक्षरात लिहून घेतले आहे.

पायरी दिसेल असा दुकानाच्या मुहूर्ताचा फोटो मालकांकडे होता, तो पुरात गेला. त्याची एक प्रत त्यांच्या दापोलीच्या बहिणीकडे असावी. मुलांनी वर्गातूनच त्यांना फोन लावला. माळ्यावरच्या पेटीत आहे बहुतेक, रविवारी नातवाला चढवून बघते, असे त्या म्हणाल्या. सात इंचांच्या पायऱ्याही त्या फोटोत आल्या असतील तर पट्टीने प्रमाण काढता येईल, असे गणिताच्या सरांनी सांगितले आहे.